साळोखे की साळुंखे? जुन्या दप्तरात आपलं आडनाव सापडत नाही तेव्हा

पुतणीच्या जात पडताळणीत त्रुटी निघाली ती एका अक्षराची. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘साळुंखे’, तिच्या वडिलांच्या दाखल्यावर ‘साळोखे’ आणि सातबाऱ्यावर ‘साळोंखे’. कागद तीन, आडनावं तीन, माणसं मात्र एकाच चुलीवर जेवलेली. त्यामागचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा कागद तर कुठल्याच दप्तरात मिळेना. पावणेदोन वर्षं मी कोल्हापूर शहर आणि पन्हाळा तालुक्यातलं आमचं गाव यांच्यात फेऱ्या मारल्या. ते दिवस कुणाचेच असे वाया जाऊ नयेत, म्हणून जे हाती लागलं ते लिहून काढतोय.

अडचणीचं रूप सगळीकडे सारखंच. आपण अर्ज करतो, आडनाव सांगतो, रेकॉर्ड रूममधले भाऊसाहेब नोंदवही चाळतात आणि म्हणतात, “या आडनावाचं कुणी नाही.” आपण परत येतो, महिन्याभराने दुसरं वर्ष सांगतो, उत्तर तेच. नोंद बहुतेक वेळा तिथेच असते. आपण तिला चुकीच्या नावाने हाक मारत असतो.

जनगणनेच्या मागे किती लागायचं

बरेच जण पहिला प्रश्न विचारतात तो जनगणनेचा. इंग्रजांनी शिरगणती केली होती, मग खानेसुमारीच्या कागदात आमच्या वाडवडिलांची नावं असणारच की! ही समजूत परदेशातल्या गोष्टी ऐकून झालेली असते. इंग्लंडमध्ये जनगणनेची घरटी पत्रकं १०० वर्षांनी लोकांना खुली होतात, अमेरिकेत ७२ वर्षांनी. तिथली माणसं आपल्या पणज्याचं नाव, वय, धंदा सगळं त्यात वाचतात, आणि आडनावाच्या स्पेलिंगची डोकेदुखी त्यांनाही आहेच.

आपल्याकडे तसं नाही. देशभर एकाच वेळी पहिली मोजणी झाली ती १८८१ साली. तेव्हापासून दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या भरल्या गेल्या, त्यांवरून आकडे काढले गेले आणि चिठ्ठ्या निकालात निघाल्या. उरले ते छापील अहवाल. त्यांत करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानात किती माणसं, कुठल्या जातीची, किती शिकलेली हे आहे, पण नाव एकाचंही नाही. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तर जनगणनेचे मूळ कागद कुणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. तेव्हा त्या दारावर वेळ घालवू नका.

एक अपवाद मात्र आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव एक नोंदवही उतरवून घेतली गेली, नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. त्यात घरांच्या क्रमाने माणसांची नावं आहेत. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि कामधंदाही आहे. प्रत्येक गावाचं ते टिकलेलं नाही, पण जिथे आहे तिथे तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. मागताना ‘जनगणना’ हा शब्द उच्चारू नका, नाहीतर “ते आमच्याकडे नसतं” असं उत्तर येईल, आणि ते बरोबरच असेल. अर्जावर ‘नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, सन १९५१’ असंच लिहा. घरांचा क्रम ही त्याची खरी किंमत. आपलं घर सापडलं की वरच्या आणि खालच्या ओळींत भावकी उभी असते, मग तिचं आडनाव कसंही लिहिलेलं असो.

आडनाव बदललं कसं

हे समजून घेतल्याशिवाय शोधाला हात घालू नये, कारण कुठल्या काळात कुठल्या प्रकारची चूक होते हे कळलं की निम्मं काम होतं.

जुने कागद मोडीत आहेत. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, अनुस्वाराचा ठिपका बऱ्याचदा गाळलेला असतो आणि लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवत जातो, त्यामुळे शब्दांमध्ये जागा सुटत नाही. म्हणजे साळुंखे, साळुखे, सालूखे हा फरक मोडी लिहिणाऱ्याच्या लेखी फरकच नव्हता. तो आपण नंतर वाचताना आणि बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवताना केला. आज ज्याला आपण चूक म्हणतो ती पुष्कळदा लिहिणाऱ्याची नसून उतरवून घेणाऱ्याची असते. म्हणून बाळबोध नक्कल मिळाली तरी मूळ मोडी ओळीचा फोटो किंवा छायाप्रत मागून घ्याच.

मग लेखणीचा हात बदलला. आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. तोवर गावचं दप्तर पिढीजात एका घरात होतं. त्या घराला गावातला प्रत्येक माणूस तोंडपाठ, त्यामुळे आडनाव लिहायची गरजच वाटत नसे. तलाठी बाहेरून आलेला, त्याला दोन ‘बाळा’ वेगळे करायला आडनाव हवं. ते त्याने कानाला पडलं तसं लिहिलं. तुमच्या गावच्या नोंदीत १९१८ च्या आसपास आडनाव एकदम उगवलेलं किंवा बदललेलं दिसलं, तर घाबरू नका. माणूस तोच आहे, लिहिणारा बदलला आहे.

त्याच सुमाराला, १९१७ मध्ये, महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्या घरात कधी पाटी आली नव्हती त्या घरातली पोरं शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आली. पोराला शाळेत घालायला यायची आजी नाहीतर चुलता, ते तोंडी नाव सांगायचे आणि गुरुजी शुद्ध करून लिहायचे. ‘पोवार’ सांगितलं की ‘पवार’, ‘साळोखे’ सांगितलं की ‘साळुंखे’, ‘जादव’ सांगितलं की ‘जाधव’. गुरुजींनी मायेनेच केलं ते, पोराचं नाव नीट असावं म्हणून. पण कोल्हापुरात पोवार आणि साळोखे हीच रूपं घरात, गल्लीत, तालमीत चालत आलेली. शाळेत गेलेला भाऊ पवार झाला आणि रानात राहिलेला पोवारच राहिला. आमच्या घरात नेमकं हेच झालं. आजोबा शाळेत गेले, त्यांचे थोरले भाऊ गेले नाहीत, आणि दोघांच्या वंशजांची आडनावं आज वेगळी आहेत.

शेवटची उलथापालथ अलीकडची. देवनागरीतलं नाव इंग्रजीत टाइप झालं आणि तिथून यंत्राने परत देवनागरीत आणलं. इंग्रजीत ल आणि ळ एकच, न आणि ण एकच, आ आणि अ एकच. ‘साळोखे’ जाऊन ‘सलोखे’ परत येतं, ‘माने’चं ‘मने’ होतं. संगणकावरच्या कुठल्याही यादीत शोधताना ही रूपंही टाकून बघा, मनाला कितीही खटकली तरी.

आडनावच नाही, तेव्हा

१९१८ च्या आधीच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात पुष्कळदा आडनावाचा पत्ताच नसतो. समजा ‘रामा बिन बाळा कुणबी’ एवढंच लिहिलेलं असतं. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. मुसलमान कुटुंबात तिथे ‘वलद’ येतं. बाईच्या नावापुढे ‘कोम’ आलं तर पुढचं नाव नवऱ्याचं. जन्माच्या नोंदीत तर बाळाचं नावही नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, कारण बारसं व्हायच्या आधी कोतवालाने वर्दी दिलेली असते. पणजोबांचं नाव घेऊन जन्माची नोंद शोधणारा माणूस म्हणूनच हमखास रिकाम्या हाताने परततो. तिथे खापरपणजोबांचं, म्हणजे बापाचं नाव शोधायचं.

दुसरा प्रकार वतनाचा. पाटील, चौगुले, मगदूम, देसाई, कुलकर्णी ही आधी कामं होती, आडनावं नंतर झाली. मोडी कागदात ‘पा॥’ एवढंच दिसलं तर ते पाटील. एका कागदात ‘पाटील’ आणि दुसऱ्यात ‘जाधव’ दिसलं तर दोन घराणी समजू नका, जाधव कुळीचे लोक पाटीलकी करत असतील. पाटीलकी भावाभावांत वाटली गेली की एक शाखा पाटील लावते आणि दुसरी मूळ आडनाव. आणि ‘कर’ लावलेल्या आडनावाचं एक लक्षात ठेवा. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कुणी लावत नाही, गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर ते लागतं. तुमचं आडनाव ‘कर’ने संपत असेल तर आज राहता त्या गावात जुन्या नोंदी शोधणं थांबवा आणि आडनावातल्या गावाला जा. तिथे मात्र ते आडनाव मिळणार नाही, त्याआधीचं मिळेल.

मग धरायचं काय

गाव धरा, जमीन धरा, आणि तीन नावांची साखळी धरा. आडनाव सगळ्यात शेवटी तपासा. या पावणेदोन वर्षांत मी हीच एक गोष्ट शिकलो, बाकी सगळं त्याभोवतीचं.

जमिनीचा नंबर आडनावासारखा बदलत नाही, आणि बदलला तर त्याचा कागद राहतो. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घ्या. एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हा एकत्रीकरणाचा उतारा काढून आपल्या गटाचे जुने सर्व्हे नंबर शोधा. ते हातात आले की जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, त्या नंबरावरून मागे मागे वाचत जा. वारसाचा फेरफार हे सोनं आहे. कोण मयत, कधी मयत, वारस कोण कोण, त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे एका परिच्छेदात मिळतं. आडनाव तिथे कसंही लिहिलेलं असो, शेत आपलं आहे, माणसं आपलीच.

दोन अक्षरसमूह मात्र ओळखायला शिका. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव त्या शिक्क्याखाली लागतं आणि धाकट्यांची नावं उताऱ्यावर येतच नाहीत. तुमचे पणजोबा धाकटे असतील तर ते सातबाऱ्यावर दिसणार नाहीत, थोरला गेल्यावरच्या फेरफारात दिसतील. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप लवकर गेला आणि पोरं लहान असली की आईचं नाव या रीतीने लागतं. तिथून विधवेचं नाव कळतं आणि बाप कुठल्या वर्षाच्या आधी गेला याचा अंदाज बांधता येतो.

आमचा गुंता असाच सुटला. पणजोबांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतंच, ए.कु.मॅ. त्यांचे थोरले बंधू होते. १९३४ च्या वारस फेरफारात तिन्ही भाऊ सापडले आणि आडनाव काय लिहिलं होतं? ‘सालोके’. याच रूपाने मी कधी शोधलंच नव्हतं. पणजोबांच्या मरणाचं साल तिथून अंदाजे कळलं. मग मी नमुना १४ च्या त्या दोन वर्षांच्या नोंदवह्या मागितल्या आणि आडनाव न बघता पानामागून पान, एकेक ओळ वाचली. नाव आणि ‘बिन’नंतरचं नाव दोन्ही जुळलं, जात कुणबी, वय ‘अंदाजे ५०’, आडनावाची जागा कोरी. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसून राहिलो. पुढे १९५१ च्या रजिस्टरमध्ये पणजी विधवा म्हणून सापडली, ‘साळुके’ या आडनावाखाली, आणि शेजारच्या घरात थोरल्या बंधूंचे मुलगे. साखळी पुरी झाली.

वयावर भरवसा ठेवू नका, हे त्या ‘अंदाजे ५०’ वरून सांगतो. जुन्या नोंदीत लोक ४०, ५०, ६० असे गोल आकडे सांगत, जनगणनेच्या अहवालांतसुद्धा ही तक्रार आहे. पाच-सात वर्षं इकडे तिकडे धरून चला.

गाव आणि साल, दोन्हीकडे फसगत

शिरोली म्हटलं की कुठली? हातकणंगले तालुक्यातली पुलाची की करवीरमधली दुमाला? कागल तालुक्यात कसबा सांगाव वेगळं आणि मौजे सांगाव वेगळं. ‘बावडा’ लिहिलेलं दिसलं तर शहराला लागून असलेला कसबा बावडा की घाटावरचं गगनबावडा, हे आधी ठरवा. गगनबावडा ही जहागीर होती. कागल, इचलकरंजी, विशाळगड, कापशी याही जहागिऱ्या, आणि त्यांचे कारभार वेगवेगळे, म्हणून जुनं दप्तरही वेगळ्या वाटेने आलेलं. संस्थानात तालुक्याला पेटा म्हणत, आजच्या हातकणंगल्याच्या भागाला अळते पेटा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्याआधी रायबाग आणि कटकोळ हे आज कर्नाटकात असलेले भागही संस्थानातच होते. उलट चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. चंदगडच्या माणसाला कोल्हापुरात जुनी नोंद मिळत नाही, त्याचं एक कारण हे असू शकतं.

सालाचं म्हणाल तर, जुन्या कागदावर १३२० असं दिसलं तर दचकू नका, ते फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशोबाचं, साल. त्यात ५९० मिळवा, १९१० येईल. फसली साल मृगाच्या सुमाराला, जूनमध्ये सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मे या महिन्यांतल्या घटनेला ५९१ मिळवायचे. शालिवाहन शकाचं साल असेल तर ७८ किंवा ७९ मिळवायचे. या एका वर्षाच्या फरकाने नोंदवही चुकते आणि आपण आडनावाला दोष देत बसतो.

संगणकावर शोधताना

घरातलं कुणी इंग्लंडला किंवा आणखी कुठे गेलं असेल आणि तिकडच्या इंग्रजी याद्या बघायच्या असतील, तर तिथे साउंडेक्स नावाची सोय भेटते. १९१८ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं गेलं आणि पुढे तिथल्या जनगणनेच्या सूचीसाठी ती वापरली गेली. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. घाटगे आणि घाडगे तिथे एकाच खणात पडतात, जी ३२०. शिंदे आणि सिंधियाही एकत्र येतात, एस ५३०. पण आपल्या नावांसाठी ती अपुरी आहे. पवार डब्ल्यूने लिहिलं तर पी ६००, व्हीने लिहिलं तर पी १६०. साळोखे एस ४२० आणि साळुंखे एस ४५२, कारण त्या अनुस्वाराचा एन मध्ये येतो. म्हणजे आमच्यासारख्यांना दोन्हीकडे स्वतंत्र शोधावं लागतं.

त्यापेक्षा स्वतःची यादी करा. वहीच्या एका पानावर आपलं आडनाव मधोमध लिहा आणि एकेक बदल करत चला. अनुस्वार काढा, घाला. ळ चा ल, ण चा न, ख चा क, ट चा ड, श चा स, ‘ओ’चा ‘अव’. चव्हाणचं चवान, चौहान. भोसलेचं भोंसले. दहा-बारा रूपं सहज निघतात. हे पान प्रत्येक कार्यालयात सोबत न्या आणि शोधून देणाऱ्याच्या हातात द्या. त्यांनाही बरं पडतं.

कागदाबाहेरची माणसं

आपल्या भागात हेळवी येतात. सुगीनंतर बैल घेऊन दारात उभे राहतात आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात. त्यांच्याकडे पोथ्या आणि वह्या असतात, काही कानडीत लिहिलेल्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडेही गाव आणि कुळ यांवरून लावलेल्या वह्या आहेत, यात्रेला गेलेल्या पूर्वजाने आपल्या सोबतच्यांची नावं तिथे लिहवून घेतलेली असतात. सरकारी कागदापुढे याचं वजन कमी, पण चार पिढ्यांची नावं क्रमाने कळली की पुढचा शोध सोपा होतो. आमच्या घरातली जुनी पेटी २०१९ च्या पुरात भिजली आणि आतल्या कागदांचा लगदा झाला. हेळव्याच्या वहीत मात्र माझ्या खापरपणजोबांचं नाव कोरडं राहिलं होतं. कुलदैवत मात्र पुरावा म्हणून पुढे करू नका. जोतिबा इकडच्या असंख्य घरांचा देव, त्यावरून भावकी ठरत नाही. देवक थोडंफार उपयोगी पडतं.

१९५० च्या मागचं संस्थानी दप्तर पाहायचं असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जावं लागतं, आणि तिथे मोडी वाचणारं कुणी सोबत हवं. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग भरतात. घरातल्या एकाने तरी ते करावेत असं मी मनापासून सांगेन, दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपलं नाव किती दिवस वाचायचं?

नोंद सापडली की

सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी मागा. नुसत्या मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून या नोंदवह्या खूप हाताळल्या जात आहेत आणि जुना कागद फार सोसत नाही. नक्कल घेताना आडनाव मूळात आहे तसंच उतरवलंय ना, हे अक्षर-अक्षर तपासा. ‘सालोके’चं ‘साळोखे’ करून देतो असं कुणी म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. मूळ नोंदीत खाडाखोड तर स्वप्नातही नको, तिने खरा पुरावासुद्धा संशयात जातो.

फरक झाकायचा नसतो, तो जोडायचा असतो. आम्ही वंशावळीच्या शपथपत्रात प्रत्येक पूर्वजासमोर तो कुठल्या कागदात कुठल्या आडनावाने आला आहे ते जसंच्या तसं लिहिलं. सालोके, साळुके, साळुंखे, साळोंखे, साळोखे, सगळं. प्रत्येकाला बांधणारा दुवा म्हणून सर्व्हे नंबर आणि वारस फेरफाराचा क्रमांक दिला. कागद लावताना आजोबांच्या दाखल्यापासून मागे न जाता जमिनीच्या क्रमाने लावले. पुतणीचं प्रकरण दुसऱ्या खेपेला पुढे गेलं. पणजोबांच्या त्या कोऱ्या आडनावाच्या नोंदीची एक जादा नक्कल काढून मी थोरल्या आजोबांच्या नातवंडांना, म्हणजे आमच्या साळोखे भावकीला, गावी नेऊन दिली. त्यांनाही पुढे ती लागणार आहे.